शिक्र्याचं लोकेशन टाकू नका!

एप्रिलचं ऊन, मांडीवर नोट्स आणि डोक्यावर कुठेतरी ‘टि-टू, टि-टू’ असा चिरका आवाज. बागेत अभ्यासाला बसत असाल तर तो तुम्ही ऐकलाच असणार. पोपट असेल म्हणून सोडूनही दिला असेल. पुढच्या वेळी मान वर करा. तो शिक्रा असू शकतो. अंगाने कबुतराएवढा, पण पक्का शिकारी. पुणे, मुंबई, नागपूर, जुनी झाडं टिकलेलं कोणतंही शहर त्याला चालतं.

फक्त पावशाला फसू नका. ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा हा पक्षी दिसायला हुबेहूब शिक्रा. तो उडाला की छोटे पक्षीही घाबरतात, मग आपलं काय! चोच बघा : शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली असते.

मार्च ते जून हा त्याचा घरट्याचा सीझन. घरटं म्हणजे उंच फांदीच्या बेचक्यात काड्यांचा पसारा, कावळ्यापेक्षा फार नीटनेटका नाही. तीन-चार अंडी. साधारण तीन आठवडे मादी बसून राहते आणि नर डिलिव्हरी बॉय होतो. सरडा, उंदीर, एखादी चिमणी. बरेचदा तो थेट घरट्यावर येतच नाही. जवळच्या फांदीवरून हाक मारतो, मादी येऊन पार्सल घेऊन जाते. हा सीन एकदा दिसला की रोज जावंसं वाटतं.

मग पांढऱ्या लवीचे गोळे दिसू लागतात. अंडी मागेपुढे फुटतात, त्यामुळे भावंडं लहान-मोठी. खाणं कमी पडलं की धाकटं मागे पडतं. बघवत नाही, पण ते तसंच असतं.

खरा धोका मात्र आपलाच. घरट्याचा फोटो लोकेशनसकट इन्स्टावर पडला की दोन दिवसांत झाडाखाली कॅमेऱ्यांची जत्रा. कोणी मोबाइलवर आवाज वाजवतो, कोणी ड्रोन उडवतो. मादी उठून गेली की मेच्या उन्हात पिल्लं उघडी पडतात आणि कावळे तर टपलेलेच असतात. त्यामुळे दुसऱ्या झाडाखाली बसा, दुर्बीण लावा, थोडा वेळ बघा आणि निघा. फोटो टाकायचाच तर पिल्लं उडून गेल्यावर, तोही बागेचं नाव न लिहिता.

दुसरं संकट पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचं. ती नेमकी याच दिवसांत होते. करवत यायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला झाड दाखवून लेखी कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विचलित करणंही ‘शिकार’ या व्याख्येत येतं. अर्जात हे वाक्य असू द्या, वजन पडतं.

महिन्याभरात पिल्लं घरट्याबाहेर येतात. एखादं जमिनीवर दिसलं तर लगेच खोक्यात घालून घरी नेऊ नका. पिसं आलेली असतील, नीट उभं राहत असेल, तर आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, पुरे. जखमी असेल तर वनविभागाची हेल्पलाइन 1926.

जूनमध्ये ही पोरं सगळ्यात सोपी दिसतात. छातीवर तपकिरी फराटे, उघड्या फांदीवर बसून दिवसभर खाण्यासाठी ओरडा. मध्येच सरड्यावर झेप घेतात, नेम चुकतो, पानांत धडपडतात आणि परत फांदीवर येऊन आईच्या नावाने ओरडायला लागतात.