क्लॅरेंडन : ओळीतल्या एका शब्दाला वजन देणारा टाइप

शब्दकोशात मूळ शब्द ठळक असतो आणि पुढचा अर्थ साध्या अक्षरांत. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी, केव्हातरी सुरू केली असेल हे मनातही येत नाही. ती रूढ करण्यात मोठा वाटा आहे १८४५ साली लंडनमध्ये निघालेल्या क्लॅरेंडन या टाइपाचा.

जाड पट्ट्यांचे घराणे

रोमन अक्षरांच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. नेहमीच्या पुस्तकी टाइपात त्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. स्लॅब सेरिफ टाइपात त्या फळीसारख्या सपाट आणि जाडजूड असतात. असा टाइप पहिल्यांदा बाजारात आणला तो लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने, १८१५ च्या सुमारास. काळ जाहिरातींचा होता. लॉटरी, नाटके, औषधे यांची पत्रके भिंतीभिंतीवर लागत होती आणि पुस्तकासाठी घडवलेली नाजूक अक्षरे रस्त्यापलीकडून वाचता येत नव्हती.

पुढे अमेरिकेत डेरियस वेल्सने १८२७ मध्ये छपाईचे लाकडी खिळे यंत्राने कोरायला सुरुवात केली. शिशाचा मोठा खिळा जड आणि महाग. लाकडाचा हलका आणि स्वस्त. मग अक्षरे हात-हातभर उंच झाली. वेस्टर्न सिनेमातली ‘वाँटेड’ची पत्रके आपण ज्या वळणाने ओळखतो, ते या लाकडी खिळ्यांचे.

क्लॅरेंडनने काय वेगळे केले

आधीचे स्लॅब टाइप ओरडण्यासाठीच होते. साध्या मजकुराच्या ओळीत त्यांचा एखादा शब्द बसवला तर ओळ फाटल्यासारखी दिसे. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्री या टाइप ओतणाऱ्या कारखान्यात त्याचा भागीदार रॉबर्ट बेस्ली याच्यासाठी बेंजामिन फॉक्सने क्लॅरेंडन कोरला, तो नेमकी ही अडचण डोळ्यांपुढे ठेवून. शेजारच्या बारीक टाइपाबरोबर एकाच ओळीत नांदेल असा तो ठळक टाइप होता. त्याआधी जोर द्यायचा तर इटॅलिक किंवा कॅपिटल अक्षरे वापरत. त्यापुढे कोश, वेळापत्रके, पाठ्यपुस्तके यांना नवे हत्यार मिळाले.

बेस्लीने हा टाइप नमुन्यांच्या संरक्षणासाठीच्या १८४२ च्या कायद्याखाली नोंदवला. नोंदणी करून संरक्षण मिळवलेला हा पहिला टाइप मानला जातो. संरक्षण होते अवघे तीन वर्षांचे. ते संपताच इतर फाउंड्र्यांनी बेधडक नकला काढल्या. बेस्लीचे फारसे बिघडले नाही म्हणा. १८६९ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

अक्षर जवळून पाहिले तर

क्लॅरेंडनचा छोटा ‘आर’ पाहा. उभा दांडा जाड, खाली सपाट पट्टी. पण दांडा आणि पट्टी काटकोनात भिडत नाहीत, मध्ये हलकी गोलाई आहे. वरचा हात उजवीकडे जातो आणि एका टपोऱ्या थेंबात संपतो. तसाच थेंब छोट्या ‘ए’च्या आणि ‘सी’च्या टोकाला. मोठ्या ‘आर’चा पाय सरळ खाली येऊन शेवटी किंचित वर वळतो. दणकट असूनही हा टाइप राकट वाटत नाही, तो या गोलाईमुळे. १९३४ मध्ये मोनोटाइपने काढलेला रॉकवेल त्याच घराण्यातला. पण त्याच्या रेघा जवळपास एकसारख्या जाडीच्या आणि कोपरे काटकोनी. रॉकवेल भूमितीच्या पेटीतून निघाल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर मोठ्या मथळ्याला रॉकवेल चालेल, पण ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहायचे त्या ठिकाणी क्लॅरेंडनच.

कुठे शोभतो, कुठे नाही

स्विस रेखाटक हेर्मान आयडेनबेन्झने १९५३ मध्ये क्लॅरेंडन नव्याने घडवला आणि तो पुन्हा फॅशनमध्ये आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमधल्या पाट्यांवर तो वर्षानुवर्षे होता. सोनीची ओळखीची नाममुद्राही याच वळणाची. कारणे साधी आहेत. रेघा जाड असल्याने खराब कागद, फिकी शाई, ऊन-पाऊस यांत अक्षर हरवत नाही, आणि पट्ट्यांमुळे प्रत्येक अक्षराला भक्कम बैठक मिळते.

मथळा, पुस्तकाचा कणा, पाटी, कोशातला शब्द, आकड्यांचा तक्ता ही त्याची ठिकाणे. सलग परिच्छेद त्यात लावू नका; पानभर काळपट डाग दिसतो आणि डोळा थकतो. फार बारीक पॉइंटला अक्षरांतल्या पोकळ्या शाईने भरतात. दोन अक्षरांमधली जागाही थोडी सैल ठेवा.

मराठी-इंग्रजी पाटी करताना

देवनागरीला शिरोरेषा आहे, सेरिफ नाहीत. तरीही काही जण कान्याच्या तळाला पट्ट्या चिकटवतात. तो प्रकार बघवत नाही. त्याऐवजी जाडी जुळवावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हा देवनागरी टाइप सात वजनांत, म्हणजे रेघांच्या सात जाडींत, मोफत मिळतो. त्यातले जाड वजन स्लॅबशेजारी ठेवून उभ्या रेघा सारख्या भरतात का, एवढे पाहावे. इंग्रजीसाठी रोबोटो स्लॅब आणि झिला स्लॅब गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, पण दोन्हींत देवनागरी नाही. तेव्हा पाटी छापायला देण्याआधी जोडीचा मराठी टाइप स्वतः निवडा. ते काम संगणकावर सोडलेत तर तो हाताला लागेल तो लावून मोकळा होतो.