दयेचा दुसरा दिवस

भाकड गाय गोशाळेंत सोडली, देणगीची पावती घेतली, कीं आपली दया पुरी झाली, असें आम्हां सुशिक्षितांस वाटतें. गाईला मात्र दुसरे दिवशींही भूक लागते! २०१६ च्या पावसाळ्यांत जयपूर महापालिकेच्या हिंगोनिया गोशाळेंत सुमारें आठ हजार जनावरें होतीं. पगार थकल्यानें मजुरांनीं काम बंद केलें; शेण उपसणारें, वैरण घालणारें कोणी उरलें नाहीं. गुरें चिखलांत रुतलीं तीं उठलींच नाहींत. दोन आठवड्यांत पांचशेंहून अधिक दगावलीं. आपल्या महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. तेव्हां थकलेला बैलही गोशाळेच्याच दारीं येणार. देणगी देतांना गोठ्यांत जागा किती, जनावरें किती, आणि शेण काढणाराचा पगार वेळेवर होतो काय, एवढें तरी आपण विचारावें.