सगळ्या गुडघ्यांना एकच तेल?

सीवूड्समधल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर घटकाभर बसलं, की काही वाक्यं हमखास कानावर पडतात. 'गुडघ्यातलं वंगण संपलंय.' 'मणक्यात गॅप आलाय.' 'नस दबलीय.' 'युरिक अ‍ॅसिड वाढलंय.' तक्रारी अशा चार तऱ्हांच्या, पण शेजारून येणारा सल्ला बहुधा एकच असतो : वात आहे, तेल चोळा आणि शेका.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. मुंबईतल्या चाळी आणि लहान खोल्या सोडून नव्या शहरात आलेली पहिली पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. शेजारच्या दारावे-करावे या जुन्या गावांतल्या वडीलधाऱ्यांनी शेतात आणि खाडीच्या चिखलात गुडघे झिजवले, तर सोसायट्यांमधल्या मंडळींनी लोकलच्या गर्दीत उभं राहून. दुखणं घेऊन जायला ठिकाणंही हाताशी आहेत. नेरूळला डी. वाय. पाटील विद्यापीठाचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि हार्बर मार्गावर सीवूड्सनंतरचं पाचवं स्थानक पनवेल. तिथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये औषधांचा कारखाना काढला, तोच पुढे 'धूतपापेश्वर' म्हणून नावारूपाला आला.

आयुर्वेदाचे ग्रंथ मात्र कट्ट्यावरचा तो सरसकट सल्ला मान्य करत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केवळ वातामुळे होणारे ८० विकार मोजले आहेत. चिकित्सास्थानाचा २८ वा अध्याय वातव्याधींचा, आणि त्याला लागून असलेला २९ वा अध्याय स्वतंत्रपणे वातरक्ताचा. सांधा दुखतो एवढ्यावर निदान होत नाही. तो कसा, केव्हा आणि कुणाच्या संगतीने दुखतो, हे आधी पाहायचं.

वयानुसार झिजणारा गुडघा म्हणजे संधिगत वात. वारा भरलेल्या पिशवीसारखी लागणारी सूज आणि पाय पसरताना-आखडताना होणारी वेदना, ही चरकाने सांगितलेली त्याची खूण. इथे तेल खरोखरच कामाचं. अभ्यंग, औषधांचं पोटीस, बांधणं आणि गरज पडली तर अग्निकर्म (डाग देणं), असे उपाय सुश्रुताने दिले आहेत.

आमवाताचं प्रकरण अगदी उलटं. त्याचं स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णन प्रथम माधवनिदानात येतं. अंग जड होणं, तोंडाला चव नसणं, ताप, अपचन आणि एकामागून एक सुजणारे सांधे ही त्याची लक्षणं आजच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या बरीच जवळ जातात, जरी दोन्ही तंतोतंत एक नाहीत. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने त्यावर लंघन, स्वेदन, भूक वाढवणारी कडू-तिखट द्रव्यं आणि विरेचन सांगितलं. शेक द्यायचा तो कोरडा, तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा. आम, म्हणजे न पचलेल्या अन्नरसाचा दोष, असताना तेल चोळलं तर सूज आणि जखडण वाढते, असं वैद्य बजावतात. पोटातून मात्र एरंडेल चालतं. सिंहनाद गुग्गुळातही ते असतं.

तिसरा वातरक्त. हातापायांच्या मुळाशी ठाण मांडून मग अंगभर पसरणारा, लालबुंद, स्पर्श न सोसणारा हा विकार बऱ्याच अंशी आजच्या गाउटशी जुळतो. त्यात गुळवेल आणि कैशोर गुग्गुळाला मान आहे. म्हणजे एकाच इमारतीतल्या तिघांचे गुडघे दुखत असतील, तर एकाला तेल, दुसऱ्याला वाळूचा शेक आणि तिसऱ्याला गुळवेल, असा निवाडा होऊ शकतो. बाटलीवर 'सर्व प्रकारच्या वातावर' असं छापलं, की हा सारा विवेक पुसला जातो.

नसांच्या दुखण्यातही हीच बारकाई दिसते. कुल्ल्यापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असं करत पावलापर्यंत उतरणारी कळ म्हणजे गृध्रसी, आजच्या भाषेत सायटिका. पाय वर उचलताना अडतो, ही खूण सुश्रुताने नोंदली आहे. उताण्या झोपलेल्या रुग्णाचा सरळ पाय उचलून पाहण्याची जी तपासणी आज प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञ करतो, ती पॅरिसच्या लासेग या डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते आणि त्याच्या शिष्याने १८८१ मध्ये प्रबंधात मांडली. चरकाने गृध्रसीचे दोन प्रकार केले : निव्वळ वाताची, आणि कफाची जोड असलेली, दुसरीत जडपणा, झापड आणि अन्नावर वासना नसणं ही लक्षणं येतात. उपाय सांगितले ते शिरावेध (शीर टोचून रक्त काढणं), बस्ती आणि अग्निकर्म.

बस्ती म्हणजे गुदमार्गाने दिलेलं औषध. तेलाची ती अनुवासन, काढ्याची ती निरूह. वातावरची निम्मी चिकित्सा असा तिचा लौकिक आहे. पंचकर्म केंद्रांच्या पाट्यांवर झळकणारी कटिबस्ती आणि जानुबस्ती मात्र वेगळी. उडदाच्या पिठाची पाळ कंबरेवर किंवा गुडघ्यावर बसवायची, आत कोमट तेल भरून ठेवायचं आणि गार होईल तसं बदलायचं. या नावाचे विधी बृहत्त्रयीत, म्हणजे आयुर्वेदाच्या तीन मूळ ग्रंथांत, सापडत नाहीत. ते वैद्यपरंपरेने नंतर घडवले. स्नेहन आणि स्वेदन एकदम होत असल्याने दुखऱ्या भागाला आराम पडतो.

पण हे सगळं आजच्या कसोट्यांवर टिकतं का? या प्रश्नाला महाराष्ट्राने बरंच गंभीरपणे हात घातला आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवण परिसरात १९९६ पासून संधिवाताची पाहणी केली, आणि पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन यांच्यासह ते केंद्र सरकारच्या एका मोठ्या औषधसंशोधन प्रकल्पात उतरले. त्यातल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण होते. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई गुग्गुळ यांच्या अर्कांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी २४ आठवडे केली गेली. कुणाला काय दिलं, हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हतं. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वेदना आणि हालचाल या दोन्हींत आयुर्वेदिक औषधं तोडीस तोड ठरली. त्याच निबंधात हेही नोंदलं होतं, की ती औषधं घेणाऱ्या सात जणांच्या यकृताचं एसजीपीटी वाढलं आणि औषध थांबवल्यावर उतरलं.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. एकेक गोळी न तपासता त्यांनी आहार, मर्दन, औषधं आणि सल्ला असा संपूर्ण आयुर्वेदिक उपचार १५१ रुग्णांमध्ये नेहमीच्या उपचाराशी तुलना करून तपासला. १२ आठवड्यांनंतर आयुर्वेदाच्या गटाला अधिक आराम होता. अर्थात कोणता उपचार मिळतोय हे रुग्णांना कळत होतं, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम त्यातून वजा करता येत नाही.

जोखमीची बाजू मुंबईकरांना जवळून दिसली आहे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. तो अहवाल २००४ चा. नावातला एक शब्दही इथे महत्त्वाचा ठरतो. योगराज गुग्गुळ वनस्पतींचा, तर महायोगराज गुग्गुळात नागभस्मासह (शिशाच्या भस्मासह) अनेक धातूंची भस्मं आणि रससिंदूर. ते दुकानातून परस्पर आणून वर्षभर खाण्याचं औषध नव्हे. यकृत वा मूत्रपिंड नाजूक असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सगळी यादी दाखवावी. सुजलेल्या बोटांवर महिनोन्महिने नुसतं तेल चोळत राहिलं, तर ऱ्हुमॅटॉइडमध्ये सांध्याचं नुकसान पुढे भरून येत नाही.

आणि काही वेळा कट्ट्यावरचा, वैद्याचा, कुणाचाच सल्ला विचारायचा नसतो. पायाचा पंजा अचानक लोंबू लागला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या नसांवर मोठा दाब आलेला असू शकतो आणि तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. एकाएकी तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ग्रंथातलं अर्दित की पक्षाघात हा खल रुग्णालयात पोहोचल्यावर करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मर्दन आणि बस्तीचा विचार त्यानंतरचा, घरी परतल्यावर हात पुन्हा वळवायला शिकण्याच्या महिन्यांतला.