टॉर्चला तुमचा पत्ता कशाला हवा?

लाइट गेली की घरात पहिली शोधाशोध कशाची होते? पूर्वी मेणबत्ती आणि काडेपेटीची व्हायची, आता मोबाइलच्या टॉर्चची. आजच्या फोनमध्ये टॉर्च आधीपासूनच असतो. पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच फोनमध्ये नुसता कॅमेऱ्याचा फ्लॅश असायचा, तो एकटा पेटवायला बटण नसायचं. मग लोक टॉर्चचं ॲप उतरवून घ्यायचे. तेही चक्क फुकट!

अमेरिकेतल्या एका कंपनीचं ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ हे असंच एक ॲप होतं. लोकांनी ते कोट्यवधी वेळा उतरवलं. आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याचं बिंग फुटलं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी संस्था आहे, ग्राहकांची फसवणूक होत नाही ना हे ती बघते. तिनं जाहीर केलं, की टॉर्च लावणारा माणूस कुठे आहे आणि त्याच्या फोनचा ओळखक्रमांक कोणता, हे सगळं हे ॲप जाहिरातवाल्या कंपन्यांना पाठवत होतं. तेही त्या माणसाला न सांगता.

आता तुम्ही म्हणाल, टॉर्चला माझा पत्ता काय करायचाय? अगदी बरोबर. पण याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. ॲप पहिल्यांदा उघडलं की नियम-अटींचं भलंमोठं पान यायचं. खाली दोन बटणं, एक ‘मान्य’ आणि एक ‘अमान्य’. तुम्ही दाबू की नको असा विचार करत बसलेले असायचा आणि तेवढ्यात तुमची माहिती रवानाही झालेली असायची! प्रश्न विचारला होता खरा, पण उत्तराची वाट बघायची कुणाला गरजच वाटली नव्हती. शेवटी कमिशननं कंपनीला जमवलेली माहिती पुसून टाकायला लावली, आणि यापुढे लोकांना आधी स्पष्ट सांगून विचारा, असं बजावलं.

माझ्या मते हे बटण म्हणजे शुद्ध लबाडी होती. पण त्यातून एक झकास प्रश्न निघतो. फोनवर आपण ‘नको’ म्हटलं, तर ते ‘नको’ पाळायला लावतं कोण?

त्यासाठी फोनच्या पोटात डोकावू या. अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स नावाच्या प्रणालीवर उभा आहे, तिच्यात एकाच कॉम्प्युटरवर अनेक माणसांनी काम करायची सोय आहे. दर माणसाला एक क्रमांक असतो आणि एकाच्या फायली दुसऱ्याला उघडता येत नाहीत. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी या सोयीचा भलताच सुंदर उपयोग केला. त्यांनी माणसांऐवजी ॲप्सनाच क्रमांक दिले! नवं ॲप फोनमध्ये आलं की त्याला दहा हजारच्या पुढचा एक क्रमांक मिळतो. आईच्या फोनमध्ये साठ ॲप्स असतील, तर फोनच्या लेखी ती जवळजवळ साठ निरनिराळी माणसं आहेत, आणि कुणाचा कुणावर फारसा विश्वास नाही.

चाळीत जशी प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली कुलूपबंद खोली असते आणि गच्चीची किल्ली एकट्या व्यवस्थापकाकडे असते, तसंच हे. कॅमेरा, माइक, लोकेशन, फोनमधले नंबर यांतलं काहीही ॲपला स्वतःहून उघडता येत नाही. फोनच्या मुख्य प्रणालीकडे जाऊन मागावं लागतं. मग ती प्रणाली तुम्हाला विचारते. पडद्यावर जी चौकट उगवते ना, ‘या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा का?’ ती चौकट ॲपची नसते, फोनची असते. म्हणून तिच्यावर तुम्ही ‘नको’ दाबलंत, की ॲपनं कितीही आदळआपट केली तरी त्याला कॅमेरा मिळत नाही. तिथं कुणाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवावा लागत नाही. टॉर्चच्या ॲपमधलं ते ‘अमान्य’ मात्र त्या ॲपनंच रंगवलेलं होतं. फरक कळला?

अँड्रॉइड फोन पहिल्यापासून असं विचारत नव्हते बरं का. आधी पद्धत अशी होती, की ॲप उतरवतानाच सगळ्या मागण्यांची एक यादी दाखवायची. पटलं तर सगळं द्या, नाहीतर ॲप विसरा. यादी कोण वाचणार? २०१५ मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली, मार्शमॅलो नावाची, आणि तेव्हापासून एकेक गोष्ट वेगळी मागावी लागते, तीही वापरायची वेळ आल्यावर. कॅमेरा देईन, पण लोकेशन देणार नाही, असं म्हणता येऊ लागलं. पुढे २०२० मध्ये ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याचीही सोय झाली.

आता लोकेशनचं बघू, कारण त्यात बहुतेकांचा एक मोठा गैरसमज असतो. आकाशातले उपग्रह आपल्याला बघतात आणि आपण कुठे आहोत ते फोनला कळवतात, असं अनेकांना वाटतं. चूक! जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ते नुसते बोलत असतात. ‘मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, आता इतके वाजले’ एवढंच. ऐकणारा कोण, हे त्यांना माहीतच नसतं. तुमचा फोन निदान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतो, कुठला संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतरं काढतो आणि आपण कुठे आहोत याचं गणित स्वतः सोडवतो. उपग्रहाकडे तो एक शब्दही पाठवत नाही.

मग आपला ठावठिकाणा बाहेर जातो कसा? इंटरनेटवरून. लोकेशनची परवानगी मिळालेल्या ॲपनं ते उत्तर वाचलं, की ते कुठेही धाडता येतं. आणि इथे एक मजेदार गोष्ट आहे. कॅमेऱ्यासाठी, माइकसाठी अँड्रॉइड फोन तुम्हाला विचारतो, पण इंटरनेटसाठी विचारत नाही! ॲपनं आपल्या कागदपत्रांत ‘मला इंटरनेट लागेल’ असं लिहिलं, की ते उतरवतानाच आपोआप मंजूर होतं. म्हणजे माहिती ॲपच्या हाती पडू द्यायची की नाही, हे तुमच्या हातात. एकदा पडली, की तिचं पुढे काय होईल हे फोनची चौकट अडवू शकत नाही. तिथून पुढे कंपनीचा शब्द आणि देशाचा कायदा, एवढंच उरतं. म्हणून पहिल्या वेळीच नीट विचार करून बटण दाबायचं.

‘पण मी नाव कुठे सांगितलंय? माझं लोकेशन कळलं तरी ते माझं आहे हे कुणाला कळणार?’ शंका चांगली आहे. काही शास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. युरोपातल्या एका छोट्या देशातल्या पंधरा लाख मोबाइलधारकांची पंधरा महिन्यांची माहिती त्यांनी घेतली. नावं-नंबर काही नाही, फक्त कुठला फोन किती वाजता कुठल्या टॉवरजवळ होता, एवढंच. आणि मग विचारलं, यातून एक माणूस वेगळा काढायला किती नोंदी पुरतील? शंभर? पन्नास?

चार! चार ठिकाणं आणि त्या त्या वेळा कळल्या, की शंभरातली पंचाण्णव माणसं वेगळी ओळखता येत होती. २०१३ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्वतःवरच लावून बघा. सकाळी सात वाजता तुमची शाळा, चार वाजता तबल्याचा क्लास, सहाला मैदान आणि रविवारी दुपारी आजीचं घर. या चारही ठिकाणी त्या त्या वेळी असणारं, तुमच्याशिवाय आणखी कोण आहे? (जुळं भावंड असेल तर गोष्ट वेगळी.)

म्हणूनच नव्या फोनमध्ये ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असं दोन प्रकारचं लोकेशन देता येतं. अंदाजे निवडलंत तर अँड्रॉइड फोन ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर सांगतो. पाऊस पडेल का हे सांगायला हवामानाच्या ॲपला एवढं भरपूर झालं. तुमच्या इमारतीवर एक पाऊस आणि शेजारच्या इमारतीवर दुसरा, असं थोडंच असतं! रिक्षा बोलवायची असेल तर मात्र अचूक लोकेशन द्यावंच लागेल, नाहीतर रिक्षावाले काका तीन चौरस किलोमीटरभर फिरत बसतील.

बरं, या कंपन्यांना आपली माहिती हवी तरी कशाला? जाहिरातींसाठी. स्मार्टफोनला एक जाहिरात-क्रमांक असतो, बत्तीस अंक-अक्षरांचा. तुम्ही एका ॲपमध्ये क्रिकेटचे व्हिडिओ बघितलेत आणि दुसऱ्या ॲपमध्ये बॅटची जाहिरात आली, तर त्यामागे हा क्रमांक असू शकतो. दोन्ही ॲप्सना तोच क्रमांक दिसतो, त्यामुळे दोघांच्या वह्या जुळवता येतात.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपल कंपनीनं आयफोनमध्ये एक नवी चौकट आणली: दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप्स आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू द्यायचा का? ‘नको’ म्हटलं की काय होतं, ठाऊक आहे? ॲपनं तो जाहिरात-क्रमांक मागितला की फोन त्याला बत्तीसच्या बत्तीस शून्यं देतो! मला ही युक्ती फार आवडते. ज्यानं ज्यानं नकार दिला त्या सगळ्यांचा क्रमांक एकच, नुसती शून्यं. आता कुणाची वही कुणाशी जुळवणार? अँड्रॉइडमध्येही सेटिंगमधून हा क्रमांक पुसला, की शून्यंच मिळतात.

या शून्यांची किंमत किती असेल, याचा अंदाज करा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीनं २०२२ च्या फेब्रुवारीत सांगितलं, की ॲपलच्या या बदलामुळे त्या वर्षी आपला सुमारे दहा अब्ज डॉलरचा धंदा बुडेल. तेव्हाच्या दरानं जवळजवळ ७५ हजार कोटी रुपये! अर्थात ॲपल काही साधुसंत नाही. ती स्वतःही जाहिराती विकते, आणि ही चौकट ज्या रीतीनं आणली ती इतरांवर अन्याय करणारी आहे असं म्हणत फ्रान्सच्या स्पर्धा नियामकानं २०२५ मध्ये तिला १५ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

धंदा एवढा मोठा असल्यावर तुमच्याकडून ‘हो’ मिळवायला खटपट होणारच. ‘हो’चं बटण ठसठशीत, रंगीत. ‘नको’ मात्र कोपऱ्यात, बारीक, करड्या रंगात. कधी ‘नको’च्या जागी ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असलं काहीतरी लिहून तुम्हालाच ओशाळवाणं करतात. कधी दहा वेळा नकार दिला तरी अकराव्यांदा तोच प्रश्न हजर! आपल्या देशात नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं अशा १३ चलाख्यांची यादीच काढली आणि त्या करायला मनाई केली. लाज वाटायला लावणं आणि सारखी भुणभुण करणं या दोन्ही त्या यादीत आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं दिला. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे. म्हणजे तुमच्या ज्युनियर कॉलेजात जाणाऱ्या ताईलासुद्धा! मुलांची माहिती घ्यायची तर आई-बाबांची संमती हवी, आणि मुलांच्या मागावर राहून त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं हा कायदा म्हणतो. काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हा.

चला, आता एक काम करा. आईचा किंवा बाबांचा फोन मागा. (आधी परवानगी घ्या, एवढं सगळं वाचल्यावर न विचारता उचलू नका!) अँड्रॉइडच्या बाराव्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा फोन असेल, तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात गेल्या चोवीस तासांत कुठल्या ॲपनं कॅमेरा, माइक आणि लोकेशन कधी वापरलं, हे घड्याळाच्या वेळेसकट दिसतं. आयफोनमध्येही कुठल्या ॲपला काय काय दिलं आहे, ती यादी सेटिंगमध्ये सापडते. यादी मोठ्यांसोबत बसून वाचा. प्रत्येक ॲपपुढे विचारा, ‘तुझ्या कामाला हे लागतं का?’ नकाशाला लोकेशन लागतं, ते ठीक. पण कॅल्क्युलेटर, अलार्म, रंगवायची चित्रं? ज्याचं उत्तर पटणार नाही, त्याची परवानगी मोठ्यांना सांगून काढून घ्या. ॲपला ती खरंच लागत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा देता येते. घाबरू नका, त्यानं फोन बिघडत नाही.

आणि सगळ्यात विचित्र मागणी करणारं ॲप कुठलं सापडलं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. पत्रात ॲपचं नाव आणि त्यानं काय मागितलं तेवढं लिहा. घरच्यांचे फोन नंबर लिहू नका, आम्हाला ते लागत नाहीत.