तलवार आणि पदवी

रोजा ठेवून सायंकाळी मैदानावर घाम गाळणारी आणि तरावीहच्या नमाजनंतर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आपल्या गावातही आहेत. त्यांनी इब्तिहाज मुहम्मदची गोष्ट जरूर ऐकावी. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात तलवारबाजी करत तिने २००७मध्ये पदवी मिळवली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालून सांघिक कांस्यपदक जिंकलं. तिची जिद्द मोठीच. पण तिथल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेचा नियमही आहे : हंगामात सराव दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नको. आपण पदक आणणाऱ्याचा सत्कार करतो. स्पर्धेमुळे बुडालेली चाचणी पुन्हा घेतो का? सब्र विद्यार्थ्याने करावा, वेळापत्रकातला इन्साफ मात्र कॉलेजने करायला हवा.