वऱ्हाडचे सोयाबीन, जपानचा मिसो

दिवाळीच्या तोंडावर कौंडण्यपूरच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी उरकलेली असते. गंजीवर ताडपत्री, थ्रेशरची धूळ, कुटाराचे ढीग आणि मग पोती बाजार समितीच्या वाटेला. सणाचा किराणा, पोरांचे कपडे, उसनवारी सारे याच पैशातून भागते. पण ज्या पिकावर आमची दिवाळी होते, त्याचा मागमूस तळणीच्या तेलापलीकडे फराळात नसतो. तेल काढून उरलेली, प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. हे असे का, याचा माग काढता काढता मी जपानच्या मिसोपर्यंत पोहोचलो.

पहिले कारण दाण्यातच आहे. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल. पण ते तुरीसारखे शिजून गळत नाही, त्याला उग्र वास येतो, पोटात वायू धरतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटकही असतात. ते नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात.

दुसरे कारण इतिहासात आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांतून पिवळ्या सोयाबीनचा प्रसार सुरू झाला. 1994 च्या जेएस-335 या वाणाने पुढे वऱ्हाडची शिवारे व्यापली. बियाणे आले, खरेदीदार आला. त्याचा स्वयंपाक मात्र आला नाही. प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. आमच्या नदीपलीकडच्या जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1935 साली गांधीजींनी सोयाबीन आहारात आणून पाहिले आणि ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. बडोदे संस्थानातले एफ. एस. काळे यांनी 1936 साली सोयाबीनवर पाककृतींसह इंग्रजी ग्रंथच काढला. तेव्हा पीक नव्हते. पीक आले तेव्हा हे प्रयत्न विस्मरणात गेले होते.

जपानी माणसाने या हट्टी दाण्यावर वेगळाच तोडगा काढला: पचवण्याचे अर्धे काम बुरशीकडे सोपवले. वाफवलेल्या तांदळावर किंवा जवावर ‘ॲस्परजिलस ओरायझी’ या बुरशीचे बीज पेरून दोनेक दिवस उबेत ठेवतात. दाण्यांवर पांढरी लव येते, ही ‘कोजी’. शिजवून ठेचलेले सोयाबीन, कोजी आणि मीठ एकत्र करून पिंपात दाबून भरतात. मीठ नासवणाऱ्या जंतूंना रोखते. कोजीतली विकरे प्रथिने फोडून अमिनो आम्ले आणि पिष्ट फोडून साखर करतात. त्यातल्या ग्लुटामेटमुळे येणाऱ्या चवीला किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ‘उमामी’ हे नाव दिले. कमी मिठाचा पांढरा, गोडसर मिसो काही आठवड्यांत तयार होतो. तांबड्याला महिने लागतात. ओकाझाकीचा ‘हाच्चो मिसो’ नुसत्या सोयाबीनचा. लाकडी पिंपावर दगड रचून तो दोन उन्हाळे, दोन हिवाळे मुरवतात.

मुरवणे आम्हाला नवे नाही. कुरडईसाठी गहू तीन दिवस आंबतो, ज्वारीची आंबील असते, लोणच्याची बरणी वर्षभर चालते. पण आमच्या घरात बुरशी म्हणजे नासाडी. आणि ती भीती खोटी नाही. एका वर्षी परतीच्या पावसात माझी गंजी भिजली, दाणे काळवंडले, भाव पडला. त्या दाण्यांचा मिसो होत नाही. ओरायझीची सख्खी बहीण ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. जपानी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निर्विष बुरशी माणसाळवली. आपोआप आलेल्या बुरशीवर त्यांनी भिस्त ठेवली नाही.

आपल्या देशातही नागालँडची आखुनी, मणिपूरचे हवाइजार, सिक्कीमचा किनेमा हे आंबवलेल्या सोयाबीनचेच प्रकार; तिथे काम बुरशीचे नव्हे, बॅसिलस जिवाणूंचे. म्हणजे जिथे सोयाबीन आधी चुलीवर गेले, तिथे त्याला नाव मिळाले, चव मिळाली. आमच्याकडे ते आधी काट्यावर गेले.

गेल्या मार्गशीर्षात मी दोन किलो निवडक दाणे बाजूला काढले, कोजी विकत आणली आणि बरणी लोणच्याच्या शेजारी ठेवली. वऱ्हाडच्या उन्हाळ्याने तिचा रंग झपाट्याने गडद केला. यंदा ती उघडली. चूल विझवल्यावर चमचाभर मिसो वरणात कालवला, कारण उकळला तर त्याचा वास उडून जातो. घरच्यांनी विचारले, वरणात काय घातले? म्हटले, आपल्याच वावरातले सोयाबीन. खरे कुणाला वाटेना.