कापसाची प्रत आणि लाचेचा व्यापार

दसरा उलटला की आमच्या दारव्ह्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि वर्षभर उधारीवर चाललेल्या किराणा, कापड व लोखंडी सामानाच्या दुकानांचे डोळे त्या गाड्यांकडे लागतात; कारण या तालुक्यात व्यापार म्हणून जे काही आहे ते अखेर कापसाच्या पैशावर उभे आहे, आणि जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणतात ती यवतमाळ–मूर्तिजापूरची छोटी रेल्वेदेखील दारव्ह्यावरून गेली ती कापसासाठीच. लाचेने व्यापाराचे काय होते हे समजून घेण्यास म्हणूनच कापसाच्या गाडीपासून आरंभ केलेला बरा.

पारखी मनुष्य गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, तळाचा मूठभर कापूस वर काढतो, त्यातील एक पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व तर्जनींत धरून हलकेच ओढतो, सुटलेले तंतू जुळवून त्यांची लांबी नजरेने मोजतो, आणि कवडी व काडीकचरा पाहून प्रत सांगतो. ओलावा मोजण्याचे यंत्र आता आले आहे, तरी या अर्ध्या मिनिटाच्या निवाड्यावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते.

महाराष्ट्र शासनाने 1971 साली कायदा करून 1972 च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हा हा निवाडा सरकारी यंत्रणेच्या हाती गेला. शेतकऱ्यास व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवून हमीभाव द्यावा हा त्यामागील हेतू उदात्त होता, आणि तो खोटा होता असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु खरेदीदार एकच, निवाडा नजरेचा, चुकारा हप्त्याहप्त्याने, आणि दारात गाड्यांची रांग, अशा चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे रांगेतील जागा, कापसाची प्रत आणि चुकाऱ्याची तारीख या तिन्हींना किंमत येते, आणि ती मागण्याचा मोह माणसाला होतो. तशा तक्रारी त्या काळी विदर्भात सर्वत्र ऐकू येत.

येथे खरी हानी चिरीमिरीच्या रकमेत मोजू नये. ज्याने बायकामुलांना बसवून कवडी वेचून काढली त्याला आणि ज्याने कचऱ्यासकट कापूस भरून वर चार नोटा सरकविल्या त्याला एकच भाव मिळाला, तर पहिला मनुष्य पुढील वर्षी वेचणीची मजुरी कशासाठी खर्च करील? मग जिनिंगमध्ये मळका कापूस येतो, रुईची गाठ हलकी निघते, गिरणी त्या गावच्या मालाला कमी भाव देते, आणि ज्याने कधी लाच दिली नाही त्याच्याही कापसाचे मोल उतरते. लाच ही चांगल्या आणि वाईट मालातला भेदच पुसून टाकते, आणि तो भेद ओळखणे हेच तर बाजाराचे काम.

‘थोडे वजन ठेवले की कागद लवकर हलतो’ असे म्हणणारे व्यवहारी लोक आपल्याकडे पुष्कळ, आणि त्यांच्यासारखेच मत मांडणारे विद्वानही होऊन गेले. परंतु अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी 1968 च्या ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथात दाखवून दिले की, पैसा मिळतो हे कळल्यावर अंमलदार मुद्दाम कागद अडवू लागतो. समजा, एखाद्या तरुणाने कर्ज काढून सरकीच्या तेलाची छोटी गिरणी घातली; यंत्रे येऊन पडली, व्याज सुरू झाले, आणि वीजजोडणीचा कागद मात्र अडला. त्याची नड जितकी मोठी तितकी मागणी मोठी, कारण अडविणारा त्याचे व्याज त्याच्याइतकेच मोजीत असतो. मोठा कारखानदार वकील नेमील, वरिष्ठांकडे दाद मागील. या तरुणाला ते सामर्थ्य कोठून?

युगांडातील उद्योगांची पाहणी करून रेमंड फिसमन व याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 2007 साली जे मांडले ते म्हणूनच मला विशेष वाटते. लाचेचा दर शेकडा एकने वाढला की उद्योगाच्या वाढीचा वेग शेकडा तीनने घटलेला दिसतो, आणि हा परिणाम कराच्या परिणामाच्या सुमारे तिप्पट आहे. कराचा दर ठाऊक असतो, त्याची पावती मिळते, आणि तो भरला की प्रकरण मिटते. लाचेला ठरलेला दर नाही, पावती नाही, आणि आज दिलेली उद्या पुन्हा मागितली जाणार नाही याची हमीही नाही.

लाच मागणाऱ्यास पकडण्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा रचतो; त्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात, आणि घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविली की ते पाणी गुलाबी होते. पण सापळा रचण्यास आधी तक्रार करणारा लागतो, आणि आमचा व्यापारी तेथेच कचरतो. कारण उद्या त्याच कचेरीत दुसरे काम निघणार असते. त्याची ही भीती मी क्षुल्लक मानीत नाही.

मात्र गप्प बसणेही आता निर्धोक उरलेले नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो. ज्याच्याकडून ती बळजबरीने घेतली गेली त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना वा संबंधित तपास यंत्रणेला कळविले, तरच त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक 1064 आहे. तो दुकानाच्या गल्ल्यावर, परवान्याच्या चौकटीशेजारी लिहून ठेवावा, आणि मागणी होताच, पैसा हातातून सुटण्यापूर्वीच, तो फिरवावा, एवढी माझी दारव्ह्याच्या प्रत्येक दुकानदाराला विनंती आहे.